चार्जिंग स्टेशनवरची रांग : ८० टक्क्यांना गाडी काढावी की १०० ला?

खंबाटकीकर
दिवाळीला पुण्याहून सावंतवाडीला गेलो होतो. गाडी इलेक्ट्रिक, घेऊन दीड वर्ष झालं. शहरात सोन्यासारखी चालते. रात्री पार्किंगमध्ये लावायची, सकाळी भरलेली. बाहेरच्या चार्जरशी संबंध येतो तो वर्षातून चार-पाच वेळा, आणि ते चार-पाच वेळा नेमके सगळ्यांचेच असतात. गणपती, दिवाळी, मे महिना आणि शनिवार-रविवारला चिकटून आलेली सुट्टी.

पहाटे निघालो, कात्रज, खंबाटकी करून कराडच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात शिरलो तेव्हा २८ टक्के उरले होते. अ‍ॅपवर दोन्ही गन (गाडीला लावायचे चार्जरच्या केबलचे प्लग) उपलब्ध, हिरव्यागार. प्रत्यक्षात एक मशीन बंद, स्क्रीनवर लाल अक्षरांत काहीतरी एरर. दुसऱ्यावर एक गाडी लागलेली आणि आधीच आलेल्या आणखी दोन गाड्या थांबलेल्या. त्याला रांग म्हणायचं तरी कसं? एक झाडाखाली, एक हवा भरायच्या जागी. आधी कोण आलं हे ज्याचं त्यालाच ठाऊक. माझ्यामागून आलेल्याने तर गाडी थेट चार्जरच्या तोंडाशी नेऊन लावली.

लागलेली गाडी ८३ टक्क्यांवर होती. मालक आत मिसळ खात होते. म्हटलं, साहेब, चार गाड्या थांबल्यात, काढता का? तर म्हणाले, "मला १०० करायचीय. फुकट नाही घेत, पैसे भरतोय." त्या १७ टक्क्यांना पन्नास मिनिटं लागली. माझा नंबर येऊन गाडी भरून निघेपर्यंत एकूण २ तास ४० मिनिटं. मुलगी तेवढ्यात दोन वडापाव खाऊन झोपली.

तर प्रश्न असा, रांग असताना ८० ला गाडी काढणं हा नियम असावा का? आणि नंबर नक्की लावायचा कसा?

डिझेलदास
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कराडला चार मिनिटांत टाकी भरतो. उरलेल्या २ तास ३६ मिनिटांत कोल्हापुरात पोचून तांबडा-पांढरा ओरपून वर पान खाऊन होतं.

खंबाटकीकर
डिझेलदास, त्या चार मिनिटांचं बिल पण लिहा की.

डिझेलदास
ते घरी दाखवत नाही, इथे कशाला लिहू.

मीटर_रीडर
८० टक्क्यांचा हिशोब एकदा मांडूनच टाकतो. माझ्या गाडीची बॅटरी ४०.५ युनिटची. २० ते ८० टक्के म्हणजे साधारण २४ युनिट. ५० किलोवॅटची गन नीट चालत असेल तर ३५ ते ४० मिनिटांत भरतात. ८० ते १०० म्हणजे फक्त ८ युनिट, पण त्यालाही जवळपास तेवढाच वेळ जातो. बॅटरी भरत आली की गाडी स्वतःच करंट कमी करत नेते, नाहीतर सेल खराब होतील. म्हणजे शेवटच्या ८ युनिटांसाठी अडवलेल्या वेळात मागच्याची २४ युनिटं झाली असती.

दुसरी गंमत. बऱ्याच ठिकाणी मशीन ६० किलोवॅटचं आणि गन दोन असतात. दोन्ही लागल्या की ३०-३० वाटून मिळतात. अ‍ॅपवर ६० वाचून लोक येतात आणि मग चार्जरच्या नावाने शिमगा करतात. शिवाय जुन्या छोट्या बॅटरीच्या गाड्या मुळात जास्त करंट घेतच नाहीत. त्या फास्ट चार्जरवर लावल्या तरी आपल्याच चालीने भरणार. त्यात मालकाचा दोष नाही.

पोहेवाली
+१. आमची गाडी त्याच जुन्यातली. मागच्याने हॉर्न वाजवला म्हणून काही जास्त पीत नाही ती.

गुहागरी_आंबा
मीटर_रीडर, हिशोब बरोबर, पण तो हायवेवरून सरळ जाणाऱ्यांचा आहे. मी कराडला उजवीकडे वळतो. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली, चिपळूण, तिथून पुढे गुहागर आणि तिथून आत अकरा किलोमीटर. गावात चार्जर नाही. घरी १५ अँपिअरचा सॉकेट आहे, पण गाडीबरोबर आलेली केबल लावली की लाल दिवा लागतो, अर्थिंग नाही म्हणून. जांभ्या दगडात अर्थिंगचा खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, रोज पाणी घातलं, तरी उन्हाळ्यात जैसे थे. तेव्हा कराडला मी १०० करतो, आणि मिसळ खात करतो. तो मी नव्हे, पण त्या माणसाची बाजू मला समजते.

अर्धशहाणा
अहो आंबा, पण कुंभार्ली उतरताना गाडी उलट भरत नाही का? मी खंडाळा उतरताना ३ टक्के वाढलेले पाहिलेत.

मीटर_रीडर
वाढतात. पण बॅटरी १०० असेल तर ती वीज ठेवायची कुठे? भरलेल्या बॅटरीत रीजन (उतारावर वीज तयार होऊन परत बॅटरीत जाणं) जवळजवळ बंद असतं, घाट सगळा ब्रेकवर उतरावा लागतो. अर्थात कुंभार्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत आंबांचे वीस-पंचवीस टक्के गेलेले असणार, त्यामुळे त्यांना अडचण नाही. महाबळेश्वरला वर हॉटेलात १०० करून खाली उतरणाऱ्यांना ही गोष्ट पसरणीत कळते.

गुहागरी_आंबा
उतरताना ४-५ मिळतात हो. पण परतही यायचं असतं, आणि तेव्हा तोच घाट चढायचा असतो. तिथे तेवढे सव्याज जातात.

तांबडा_पांढरा
चिपळुणात चार्जर हाईत की भावा.

गुहागरी_आंबा
आहेत. गणपतीच्या आदल्या दिवशी येऊन बघा एकदा. मुंबईहून आलेली सगळी आळी तिथेच असते. दोन ओळखीची लग्नं तिथे ठरली असतील.

डिझेलदास
मुलगा काय करतो? रांगेत आहे.

ठाण्याची_ताई
तुम्ही सगळे सुट्टीतल्या रांगेबद्दल बोलताय. माझी रांग नेहमीची आहे, ती पण ऐका.

आमच्या सोसायटीत मीटर घ्यायला परवानगी मिळेना. सेक्रेटरी काका म्हणतात लोड वाढला तर लिफ्ट बंद पडेल. इलेक्ट्रिशियनने लेखी दिलं की पडणार नाही, तर म्हणाले पुढच्या सर्वसाधारण सभेत ठेवू. सभा झाली, पाण्याच्या टाकीवर भांडण झालं, माझा विषय राहिला. त्यामुळे आठवड्यातून दोनदा बाहेर. संध्याकाळी गेलं की टॅक्सीवाल्यांच्या इलेक्ट्रिक गाड्या ओळीने. त्यांना दोष देत नाही, त्यांचं पोट आहे. त्यांची शिफ्ट बदलते तेव्हाच मी ऑफिसातून सुटते. मग मी जाते रात्री ११ ला.

आणि हे चार्जर बसवतात कुठे? पेट्रोल पंपाच्या मागे, स्वच्छतागृहाच्या पलीकडे, जिथे कचऱ्याचा डबा असतो. वर छप्पर नाही, दिवा असला तर उघडझाप करणारा. पावसात एका हाताने छत्री, एका हाताने ती जड गन, आणि तोंडात मोबाईल, कारण ओटीपी आलेला असतो. बाईमाणसाने तिथे पाऊण तास काचा वर करून बसायचं. ८० टक्के की १०० हा प्रश्न मला पडतच नाही. कुणी संशयास्पद माणूस दिसला की जेवढे झाले तेवढ्यात मी निघते.

पोहेवाली
ताई, अगदी अगदी. छपराबद्दल तर दहा वेळा अनुमोदन. पेट्रोल भरणाऱ्याच्या डोक्यावर छत आणि हाताशी माणूस, आपल्याला दोन्ही नाही.

अर्धशहाणा
त्यात पैसेही जास्त. गाडीवर जीएसटी ५ टक्के, बाहेरच्या चार्जिंगवर १८. ज्याला स्वतःचं पार्किंग आहे तो घरच्या दराने भरतो. ज्याला नाही, तो अडीचपट देऊन वर रांगेत उभा.

मिल्टन_कीन्सची_मावशी
इथे इंग्लंडमध्येही तेच गं ताई. घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट, रस्त्यावरच्या चार्जरवर २०. ज्यांना घरापुढे गाडी लावायला जागा नाही ते ओरडत असतात.

पण एक गोष्ट इथे बरी झाली. २०२३ मध्ये नियम आले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ५० किलोवॅट आणि त्यावरच्या सार्वजनिक चार्जरचं जाळं चालवणाऱ्याला ते वर्षभरात सरासरी ९९ टक्के वेळ चालू ठेवणं बंधनकारक झालं. शिवाय साधं बँकेचं कार्ड टेकवून पैसे देता आले पाहिजेत. पूर्वी माझ्या फोनवर अकरा अ‍ॅप होती. आता तीन आहेत, ती पण सवयीने. नाताळच्या आदल्या दिवशी मात्र मोटरवेवर तुमच्यासारखीच रांग. फक्त कुणी बोलत नाही, नुसते एकमेकांकडे बघून कसनुसं हसतात.

तांबडा_पांढरा
मावशी, आमच्याकडं बोलत्यात. बोलत्यात म्हणजे काय, चार्जिंग हुईस्तवर तुमची जमीन किती, ऊस किती, पोरगी काय शिकती सगळं हुतंय.

मीटर_रीडर
अ‍ॅपवरून आठवलं. पाच अ‍ॅपच्या वॉलेटांत माझे मिळून ११४० रुपये अडकलेत. प्रत्येकात थोडे, कुठेच एका चार्जिंगपुरते नाहीत.

नागपूरचा_संत्रा
समृद्धीचं सांगतो भाऊ. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी सुरू झाला ना, तेव्हा मी हौसेनं गाडी घेऊन निघालो. रस्ता असा का पाटीवरून लोणी घसरावं. १२० नं दाबली. रेंज अशी पळाली ना बाप्पा, मेहकर यायच्या आत घाम फुटला. इलेक्ट्रिक गाडीला १२० म्हणजे खिशाला भोक. ९० नं चालवली असती तर आरामात गेलो असतो, पण रिकाम्या रस्त्यावर ९० नं चालवाले संतपण लागते. शेवटी खाली उतरून एका ढाब्यावाल्याच्या सॉकेटवर चार तास काढले. त्यानं पैसे घेतले नाही, पण सावजी खायला लावलं.

आता पूर्ण ७०१ किलोमीटर चालू आहे, टोलही माफ झाला इलेक्ट्रिकला. पण टोल माफ झाल्यावर गाड्या वाढतीन का नाही? मंग रांग वाढनारच. अन मे महिन्यात ४५ डिग्रीत बॅटरी तापली का चार्जर स्वतःच हळू होते, ते अलगच.

अर्धशहाणा
सरकारी कागद वाचला तर हा धागाच निघायला नको. केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत शहरात ३ बाय ३ किलोमीटरच्या चौकोनात किमान एक स्टेशन, महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक, असं होतं. राज्याच्या २०२५ च्या धोरणातही महामार्गावर २५ किलोमीटरचाच वायदा आहे. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत नुसत्या चार्जरसाठी २००० कोटी ठेवलेत, ७२ हजारांच्या वर चार्जर बसवायचे म्हणून. कुठेही "बसवलेला चार्जर चालू असला पाहिजे" यावर तेवढा जोर दिसला का कुणाला? मावशींच्या ९९ टक्क्यांसारखा आकडा हवाय आपल्याला. आपण बसवलेले मोजतो.

डिझेलदास
शाळेत शौचालयं मोजतात तसं.

साताऱ्याचा_हॉटेलवाला
गेले चार दिवस वाचतोय, आज राहवलं नाही. माझं याच हायवेवर हॉटेल आहे, आवारात दोन गनचं मशीन आहे. (खंबाटकीकर, तुम्ही थांबलात ते माझं नव्हे. माझ्याकडे वडापाव मिळत नाही.)

मशीन कंपनीचं, जागा माझी, युनिटमागे थोडं कमिशन. चार्जिंग स्टेशनला वीज विकायचा परवाना लागत नाही, २०१८ पासून ते मोकळं आहे, त्यामुळे कुणीही लावू शकतो. लावणं सोपं आहे, पोसणं अवघड. एवढ्या लोडला नुसत्या डीपीवरून भागत नाही, कनेक्शन वेगळं घ्यावं लागलं. गाडी येवो न येवो, स्थिर आकार दर महिन्याला येतोच. एरवी माझ्याकडे दिवसाला चार-पाच गाड्या. दिवाळीच्या आठवड्यात एका दिवसात चौतीस. आता तुम्हीच सांगा, वर्षातल्या पंधरा दिवसांसाठी आणखी दोन मशीन कोण लावेल? उरलेले साडेअकरा महिने त्यावर कबुतरं बसणार.

रांगेचं म्हणाल तर मी दवाखान्यातली पद्धत उचलली. मशीनला सुतळीने एक शंभर पानी वही आणि पेन बांधलंय. आल्यावर गाडीचा नंबर आणि वेळ लिहायची. दिवाळीत वेटर पोराला पाटावर बसवला होता, कंपाउंडरसारखा. तो ओरडायचा, "पांढरी गाडी, चला आत!" दहातल्या सात गाड्या पांढऱ्या, तेवढा एक घोळ झाला. पण भांडण एकही नाही. ८० ला काढायचं कुणाला सांगावं लागलं नाही. वहीत आपल्याखाली सहा नंबर दिसले की माणूस आपोआप चहा लवकर संपवतो.

आणि मशीन "बंद" असतं म्हणजे काय, तेही सांगतो. निम्म्या वेळा ते बिघडलेलंच नसतं. एक तर आतलं सिमकार्ड. मोबाईलची रेंज गेली की मशीनचा कंपनीशी संपर्क तुटतो, मग अ‍ॅपवर शेवटचं जे दिसत होतं तेच दिसत राहतं. म्हणून तुमचं "हिरवंगार". दुसरं, व्होल्टेज. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की खाली येतं आणि मशीन रुसतं. आणि तिसरं, बाजूचं ते लाल बटण. टम्म फुगलेलं, अळंबीसारखं. आणीबाणीत दाबायचं. लहान पोरांना त्याच्यापुढून नुसतं जाणं शक्यच नाही. एकदा दाबलं की ते आत अडकून बसतं, बाणाच्या दिशेने पिळलं की फटकन बाहेर येतं. तोवर मशीन एरर दाखवतं आणि लोक मला शिव्या घालतात.

पोहेवाली
"पांढरी गाडी, चला आत" वाचून ऑफिसात मोठ्याने हसले. साहेबांनी वर पाहिलं.

ठाण्याची_ताई
दादा, वही आवडली. ठाण्याला एक लावा.

तांबडा_पांढरा
वहीत नंबर लिवून एक जण पार उंब्रजला जेवून आला तर? मग काय करायचं?

साताऱ्याचा_हॉटेलवाला
हाक मारली आणि नाही आला, तर एक गाडी पुढे सोडायची. दवाखान्यात तरी काय होतं?

मीटर_रीडर
बटणाबद्दल एक सावधगिरी. ते कुणीतरी खऱ्या कारणानेही दाबलेलं असू शकतं. केबल तापली, जळका वास आला, पाणी शिरलं. आल्या आल्या पिळू नका. आधी तिथल्या माणसाला विचारा, केबल आणि गनचं तोंड नीट बघा, मगच.

डिझेलदास
एसटी गणपतीला जादा गाड्या सोडते तसे जादा चार्जर सोडा की. ट्रकवर मशीन, मागे जनरेटर.

अर्धशहाणा
जनरेटर कशावर चालणार?

डिझेलदास
😌

नागपूरचा_संत्रा
हॉटेलवाले भाऊ, कंदी पेढे ठेवता का? तसं असेल तर १०० पर्यंत थांबतो.

खंबाटकीकर
सगळ्यांचे आभार. धागा पेढ्यांवर जायच्या आत शेवटचं लिहितो.

काल सासूबाईंना आणायला परत त्याच रस्त्याने गेलो. मुद्दाम त्याच हॉटेलात थांबलो. चालू गनवर एक गाडी होती, ६१ टक्के. दुसरं मशीन अजून तसंच, तीच लाल अक्षरं. हॉटेलवाल्यांचा प्रतिसाद डोक्यात होता म्हणून बाजूने जाऊन पाहिलं. लाल बटण आत गेलेलं, वर धुळीचा थर आणि धुळीत एका छोट्या बोटाचा ठसा. काउंटरवर विचारलं, तर मालक म्हणाले, "ते दसऱ्यापासून बंद आहे, कंपनीला फोन केलाय, माणूस येणार आहे." वास नाही, केबल ठीक. त्यांच्या देखतच बटण पिळलं. फटकन बाहेर आलं, आत कुठेतरी खट्ट वाजलं, मिनिटभराने स्क्रीन निळी झाली. कार्ड टेकवलं, गाडी लागली.

म्हणजे दिवाळीत आम्ही तिथे तिष्ठत बसलो, तेव्हा दुसरी गन हाताच्या अंतरावर होती. मुलगी तर त्याच मशीनला टेकून वडापाव खात होती.

तांबडा_पांढरा
आयला! नाद खुळा.

गुहागरी_आंबा
आणि शिव्या त्या मिसळवाल्याला.

खंबाटकीकर
त्याला थोड्या राहू द्या. ८३ होते त्याचे.

साताऱ्याचा_हॉटेलवाला
आता अ‍ॅपवर काय दाखवतंय?

खंबाटकीकर
तीच तर मजा आहे. बंद होतं तेव्हा उपलब्ध दाखवत होतं. काल माझी गाडी त्यावर लागलेली असताना "देखभालीसाठी बंद" असं आलं, आज सकाळीही तेच. त्यामुळे पाऊण तासात त्या गनकडे कुणी फिरकलं नाही. सासूबाईंचा चहा होईपर्यंत निवांत ८० झाले.

पोहेवाली
लोकेशन टाका ना. शुक्रवारी आम्ही निघतोय.

खंबाटकीकर
टाकतो. मे महिना होऊन जाऊ दे.